बिल आमचं, मत कुणाचंही: ठाण्यातल्या एका अभ्यासगटाचं प्रकरण

व्याख्यानमाला, वाचनकट्टे किंवा कॉलेजातले राज्यशास्त्राचे वर्ग चालवणाऱ्यांसाठी ही नोंद आहे. प्रसंग खरा आहे, माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत. आकडे आणि कागद जुळवण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे सगळं जवळून पाहता आलं.

पार्श्वभूमी

नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी सकाळी अभ्यासगट भरतो. तीस-पस्तीस माणसं येतात. निवृत्त बँकवाले, एक वकीलसाहेब, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या दोन बाई, घोडबंदर रोडवरून दुचाकीवर येणारे आयटीतले दोघंतिघं, आणि खालच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं उघडी ठेवून वर डोकावणारी मुलं. आधी क्लस्टर योजना झाली, पाणीपुरवठा झाला, जीएसटी झाला. वाद व्हायचे, पण चहाबरोबर वडा आला की मिटायचे.

युरोपातल्या कडव्या उजव्या पक्षांचा विषय आणला तो एका काकांनी. त्यांचा मुलगा जर्मनीतल्या येना या गावात काचा आणि लेन्सच्या उद्योगात नोकरीला आहे. येना ज्या थुरिंगिया राज्यात आहे तिथे १ सप्टेंबर २०२४ ला विधानसभेची निवडणूक झाली आणि एएफडी हा पक्ष ३२.८ टक्के मतं घेऊन पहिला आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या एखाद्या राज्यात इतका उजवा पक्ष पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. राज्याच्या गुप्तचर खात्याने पक्षाच्या या शाखेला २०२१ मध्येच ‘निश्चित अतिरेकी’ ठरवलेलं होतं. काकांचा प्रश्न साधा होता. पोराने तिकडे घराचं कर्ज काढावं की नाही? दर तीन मतदारांतला एक या पक्षाला मत देतो, तर मग तिथलं सरकार कोण चालवतं, आणि उद्या काय होऊ शकतं?

थुरिंगियाची लोकसंख्या साधारण २१ लाख. ठाणे महापालिकेची २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर होती. म्हणजे आपल्या डोक्यात बसेल एवढ्याच आकाराचं राज्य. गटाला विषय लगेच पटला.

त्यात एकट्या जर्मनीचाच मामला नव्हता. फ्रान्समध्ये मरीन ल पेन यांना २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत ४१ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. त्यांच्या वडिलांना २००२ मध्ये त्याच फेरीत १८ टक्केही मिळाली नव्हती. इटलीत ब्रदर्स ऑफ इटली हा पक्ष २०१८ च्या चार टक्क्यांवरून २०२२ मध्ये २६ टक्क्यांवर गेला आणि जॉर्जिया मेलोनी पंतप्रधान झाल्या. ऑस्ट्रियात सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रीडम पार्टी जवळपास २९ टक्के मतांनी पहिली आली. पोर्तुगालमध्ये शेगा या पक्षाचा २०१९ मध्ये एकच खासदार होता, २०२५ मध्ये २३० पैकी ६०. फेब्रुवारी २०२५ मध्ये एएफडीने संपूर्ण जर्मनीत २०.८ टक्के मतं मिळवली, आधीच्या निवडणुकीच्या दुप्पट.

पेच

एका निवृत्त प्राध्यापकांचं व्याख्यान ठरलं. तारीख, वेळ, विषय घालून पोस्टर गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडलं, आणि संध्याकाळपर्यंत गट दुभंगला.

एका बाजूचं म्हणणं असं: युरोपचं फक्त निमित्त आहे, बोलायचंय आपल्या इथल्या सरकारवर. सरळ बोला ना मग. दुसऱ्या बाजूचं म्हणणं याच्या बरोबर उलट: आपल्याकडे काय चाललंय याचं नाव न घेता जर्मनीवर दोन तास बोलायचं हा पळपुटेपणा आहे. मजा अशी की दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी होती, भारतावर बोलणं. एकीला ते पकडायचं होतं, दुसरीला करायचं होतं. थुरिंगियाचं कुणाला पडलं नव्हतं. येनाचे काका सोडून.

पोस्टर गटाबाहेर गेलं. चहापाण्याचा आणि प्रोजेक्टरचा खर्च उचलणाऱ्या सद्गृहस्थांनी निमंत्रक बाईंना फोन करून ‘जरा बघा’ एवढंच सांगितलं. ‘जरा बघा’चा अर्थ ठाण्यात सगळ्यांना कळतो. वाचनालयाच्या व्यवस्थापनाने सभागृहाच्या नियमावलीतलं एक कलम दाखवलं: पक्षीय राजकारणाचे कार्यक्रम होणार नाहीत. प्राध्यापकांना दोन्हीकडून फोन गेले आणि त्यांनी तब्येतीचं कारण दिलं. तारीख मात्र सगळ्यांना कळलेली.

समोरचे पर्याय

निमंत्रक बाईंच्या घरी पाच जण बसलो. चार वाटा समोर होत्या.

विषय बदलणं सगळ्यांत सोपं. घोडबंदरच्या वाहतूक कोंडीवर कधीही सभा घेता येते, माणसं कमी पडत नाहीत. पण एकदा फोनवरून विषय बदलला की पुढच्या प्रत्येक विषयाला फोन येतो, हे वकीलसाहेबांनी सांगितलं आणि ते पटलं.

दुसरा पर्याय दोन वक्त्यांचा, एक बाजूने, एक विरोधात. वरवर न्याय्य दिसतो. माझ्या मते हा चारही पर्यायांतला सर्वांत वाईट होता. टीव्हीवर रोज रात्री तेच चालतं. श्रोते आपापला माणूस निवडून येतात, त्याच्या वाक्यांना मान डोलावतात आणि आले तसे जातात. शिवाय ‘बाजूने’ म्हणजे कशाच्या? स्थलांतरावर कडक नियम हवेत या मताच्या, की नागरिक असूनही काही जण कमी नागरिक आहेत या मताच्या? पहिलं मत युरोपातले कितीतरी मध्यममार्गी पक्ष मांडतात. डेन्मार्कच्या सोशल डेमोक्रॅट सरकारने तर ते धोरण म्हणूनच राबवलं. दोन वक्ते बसवले की हा फरकच पुसला जातो.

तिसरा पर्याय म्हणजे व्याख्यानाऐवजी नुसती आकडेवारी: तक्ते, नकाशे, प्रश्नोत्तरं. सुरक्षित होता, आणि रविवारी सकाळी झोप आणणाराही.

चौथा आयटीतल्या एका मुलीने सुचवला. एकच राज्य घ्या, थुरिंगिया. टेबलं लावा, प्रत्येक टेबल एक पक्ष. खरे आमदार, खरं संख्याबळ, खरे प्रश्न. सभागृहात आपण काय केलं असतं ते करा, मग तिथे प्रत्यक्षात काय झालं ते सांगा. २०१९ आणि २०२२ डोळ्यांसमोर घडताना पाहिलेल्या ठाणेकरांना आमदारांची बेरीज-वजाबाकी शिकवावी लागत नाही, हे तिने जोडलं. हसलो सगळे, पण मुद्दा बिनतोड होता.

चौथा पर्याय ठरला. त्यातही तीन गोष्टींवर निर्णय घ्यावा लागला.

पहिली, पक्ष निवडू द्यायचा की चिठ्ठीने? चिठ्ठीने. निवडू दिला असता तर माणसं आपल्या इथल्या पक्षांच्या जवळ जाणारे पक्ष शोधत बसली असती.

दुसरी, एएफडीच्या टेबलाने भाषणं करायची का? इथे वाद झाला. वकीलसाहेब म्हणाले, भाषण नाही तर त्यांचं आकर्षण कळणार कसं? शाळेतल्या बाई म्हणाल्या, परक्यांविरुद्धचं भाषण खोटं खोटं केलं तरी ऐकणाऱ्याला खरंच लागतं; खोलीत मुंब्र्याहून येणारी दोन मुलं आहेत. ठरलं असं की त्या टेबलाने फक्त मतदान करायचं आणि डावपेच लढवायचे.

तिसरी, भारताचं काय? बंदी घातली असती तर सगळ्यांचं लक्ष बंदीवरच राहिलं असतं. मोकळीक दिली असती तर जर्मनी पहिल्या पाच मिनिटांत संपली असती. मधला मार्ग: शेवटचा अर्धा तास भारतासाठी राखून ठेवायचा, आणि त्यात विधान नाही, फक्त प्रश्न. वाचनालयालाही हे लेखी कळवलं. परवानगी आली.

काय केलं: पहिली सभा

खेळाआधी एक पायाभूत सभा घेतली. प्राध्यापक नव्हतेच, त्यामुळे चौघांनी विषय वाटून घेतला.

पहिलं काम वर्गीकरणाचं. या पक्षांवर दीर्घ काळ काम केलेले नेदरलँड्सचे राज्यशास्त्रज्ञ कास मुडे तीन खुणा सांगतात. देश हा मूळच्यांचा, बाकीचे धोका, अशी भूमिका; कडक शिस्त आणि शिक्षेवर भर; आणि शुद्ध जनता विरुद्ध भ्रष्ट वरचे लोक अशी मांडणी. तिन्ही एकत्र असतील तर तो पक्ष या गटात मोडतो. हे पक्ष निवडणुका मानतात. त्यांचं भांडण असतं ते लोकशाहीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी: अल्पसंख्याकांचे हक्क, न्यायालयं, माध्यमं, बहुमताला लगाम घालणाऱ्या संस्था. निवडणुकाच नाकारणारे त्याहून वेगळे. सीमारेषा अर्थात धूसर आहे. एकाच पक्षात दोन्ही प्रकारची माणसं सापडतात, आणि थुरिंगियातले एएफडीचे नेते ब्यर्न होके यांना तर २०२४ मध्ये हिटलरच्या पक्षाच्या निमलष्करी तुकड्यांची (एसए) घोषणा सभेत वापरल्याबद्दल न्यायालयाने दंड केला.

मग कारणं. इथे गटातल्या बहुतेकांनी आधीच उत्तर आणलं होतं: बेरोजगारी. ते तेवढं सरळ नाही. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन हे काही गरीब देश नव्हेत. २०१५ नंतरचं निर्वासितांचं आगमन, महागाई, शहर आणि गाव यांतलं अंतर, जुन्या पक्षांवरचा उडालेला विश्वास, असं बरंच काही एकत्र येतं, आणि प्रत्येक देशात त्याचं प्रमाण निराळं. पूर्व जर्मनीत १९९० च्या एकीकरणानंतर कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेकडे गेले, मागे राहिलेल्यांच्या मनात दुय्यम ठरल्याची भावना राहिली. एएफडी २०१३ मध्ये स्थापन झाला तो युरो चलनाला विरोध करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांचा पक्ष म्हणून. स्थलांतर हा त्याचा मुख्य मुद्दा नंतर झाला.

निवडणूक पद्धतीवर मात्र लोक खरे गुंतले. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच पद्धत आहे, मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो निवडून. जुलै २०२४ मध्ये तिथे रिफॉर्म यूके या पक्षाला १४ टक्के मतं मिळाली आणि ६५० पैकी ५ जागा. १२ टक्के मतं मिळवणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट्सना ७२. जर्मनीत मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, त्यामुळे पाच टक्के मतांचा उंबरठा ओलांडला की वाढ सभागृहात दिसते. ‘म्हणजे आपल्या पद्धतीत हे पक्ष अडतात’, बँकवाले काका समाधानाने म्हणाले. अडतात, एका पातळीपर्यंत. ती पातळी ओलांडली की हीच पद्धत थोड्या मतांना खूप जागा देते. समाधान फार टिकलं नाही.

काय केलं: दुसरी सभा

सहा टेबलं, चिठ्ठ्या, फळ्यावर संख्याबळ. निमंत्रक बाई विधानसभेच्या अध्यक्ष.

पहिली फेरी जुन्या, म्हणजे २०१९ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची. एकूण ९० आमदार. डावा लिंके २९, एएफडी २२, मध्यम-उजवा सीडीयू २१, मध्यम-डावा एसपीडी ८, पर्यावरणवादी ग्रीन ५, उद्योगस्नेही उदारमतवादी एफडीपी ५. सरकार लिंके, एसपीडी आणि ग्रीन यांचं, ४२ जणांचं, अल्पमतातलं. सीडीयूच्या टेबलाला कागद दिला: घर खरेदीवरचा कर ६.५ टक्क्यांवरून ५ वर आणण्याचं तुमचं विधेयक आहे. सरकारचा विरोध आहे. मांडायचं का?

ठाण्यात घर घेताना स्टॅम्प ड्युटीचा चेक फाडलेली माणसं ती. विधेयकाचा लोकप्रियतेचा प्रश्नच नव्हता. योगायोगाने सीडीयूच्या टेबलावर अशी चार माणसं होती, ज्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अशा पक्षांना वाळीत टाकलं पाहिजे’ असं ठणकावून लिहिलं होतं. त्यांनी बेरीज केली. आपले २१, एफडीपीचे ५, झाले २६. सरकार ४२. एएफडीचे २२ आल्याशिवाय विधेयक पास होत नाही.

पाच मिनिटं कुजबूज चालली. मग त्यांच्यातले एक काका उभे राहिले: ‘आम्ही कुणाकडे पाठिंबा मागितला नाही. बिल आमचं आहे, मत कुणाचं का असेना.’ विधेयक ४८ विरुद्ध ४२ ने पास. टाळ्याही पडल्या.

मग आयटीतल्या मुलीने प्रत्यक्षातली हकिकत वाचून दाखवली. १४ सप्टेंबर २०२३ ला थुरिंगियात नेमकं हेच झालं. सीडीयूचं विधेयक, एएफडीची मतं, सरकारचा पराभव. सीडीयूने नंतर केलेला बचावही काकांच्या वाक्याच्या जवळपास तोच होता: चुकीचे लोक मत देतील म्हणून बरोबर गोष्ट मांडायचीच नाही का? देशभर गदारोळ झाला, कारण त्या पक्षाशी हातमिळवणी करायची नाही हा ठराव सीडीयूने स्वतःच २०१८ च्या अधिवेशनात केला होता.

सभा खऱ्या अर्थाने इथे सुरू झाली. एएफडीच्या टेबलावरच्या एका कॉलेजकुमाराने सांगितलं, ‘आम्हाला काहीच करावं लागलं नाही. बसून होतो. तुम्हीच आमच्याकडे आलात.’ सीडीयूचे काका चिडले. त्यांचं म्हणणं, मी कुठे गेलो? वकीलसाहेबांनी त्यांची बाजू घेतली, आणि ती कच्ची नव्हती: समोरचा पक्ष मत देईल या भीतीने आम्ही विधेयकं गुंडाळायला लागलो, तर आमचा अजेंडा तोच पक्ष ठरवणार. म्हणजे तरी कोण जिंकलं?

मला हा या प्रकरणाचा गाभा वाटतो. या पक्षांची वाढ समजून घ्यायची तर त्यांच्या नेत्यांची भाषणं ऐकत बसण्यापेक्षा शेजारच्या बाकावरच्या पक्षाकडे बघावं. दार आतून उघडतं की बंद राहतं, ते तिथे ठरतं. आणि तिथे बसलेली माणसं बहुतेक वेळा वाईट नसतात. त्यांच्या हातात एक चांगलं विधेयक असतं.

फेब्रुवारी २०२० ची हकिकत तेव्हा सांगितली. थुरिंगियाच्या विधानसभेत मुख्यमंत्रिपदासाठीच्या मतदानाच्या तिसऱ्या फेरीत एएफडीचा स्वतःचा उमेदवार उभा होता. त्याला शून्य मतं पडली. पक्षाने सगळी मतं ऐनवेळी फक्त पाच आमदार असलेल्या एफडीपीच्या थोमास केमेरिश यांच्याकडे वळवली, सीडीयूची बहुतेक मतंही त्यांनाच पडली, आणि ते ४५ विरुद्ध ४४ ने निवडून आले. त्यांनी पद स्वीकारलं. सीडीयूच्याच, तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलर (पंतप्रधान) अंगेला मेर्केल परदेश दौऱ्यावरून संतापल्या, आणि काही दिवसांत केमेरिश यांना राजीनामा द्यावा लागला. ‘हे तर आपल्याकडचे वाटतात’, मागून कुणीतरी म्हणालं. नियम भारताबद्दल फक्त प्रश्न विचारण्याचा होता, पण या एका वाक्याला बाईंनी सूट दिली.

दुसरी फेरी २०२४ च्या सभागृहाची. ८८ आमदार: एएफडी ३२, सीडीयू २३, लिंकेतून फुटलेल्या सारा वागेनक्नेश्ट यांचा नवा बीएसडब्ल्यू १५, लिंके १२, एसपीडी ६. बहुमताला ४५. सीडीयूला एएफडीबरोबर जायचं नाही, आणि त्याच २०१८ च्या ठरावानुसार लिंकेबरोबर आघाडीही करायची नाही. उरले सीडीयू, बीएसडब्ल्यू, एसपीडी. बेरीज ४४.

एक कमी. पुढची वीस मिनिटं खोलीत जे झालं त्याला अभ्यास म्हणावं की करमणूक, ठाऊक नाही. ‘एक फोडा.’ ‘बाहेरून पाठिंबा घ्या.’ ‘मतदानाच्या दिवशी दोघांना गैरहजर ठेवा.’ जर्मनीत आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही, आमदार सद्सद्विवेकाने मत द्यायला मोकळा असतो, हे कळल्यावर तर उत्साह दुणावला. शेवटी लिंकेच्या टेबलाने जाहीर केलं की आम्ही सत्तेत येणार नाही, पण एएफडीला रोखण्यापुरती मतं देऊ. प्रत्यक्षातही वाट तीच निघाली. १२ डिसेंबर २०२४ ला सीडीयूचे मारिओ फोग्ट पहिल्याच फेरीत ५१ मतांनी मुख्यमंत्री झाले. आघाडीच्या ४४ पेक्षा सात जास्त. मतदान गुप्त होतं.

तरीही एएफडीच्या टेबलाच्या हातात काहीतरी उरलं होतं, आणि ते येनाच्या काकांनी शोधलं. ८८ पैकी ३२ म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. दोन तृतीयांशांना ५९ लागतात. बाकी सगळे मिळून ५६. घटनादुरुस्ती अडली, मुदतीआधी विधानसभा विसर्जित करणं अडलं, न्यायाधीश निवडणाऱ्या समितीवरच्या नेमणुका अडल्या. सरकारात नसतानाही न्यायव्यवस्थेच्या किल्लीवर हात. नव्या सभागृहाच्या पहिल्याच दिवशी, २६ सप्टेंबरला, वयाने ज्येष्ठ म्हणून हंगामी अध्यक्ष झालेल्या एएफडीच्या सदस्याने इतरांचे प्रस्तावच घेतले नाहीत, गोंधळ झाला, सीडीयू राज्याच्या घटना न्यायालयात गेली आणि निकालानंतर २८ तारखेला अध्यक्ष निवडता आला. हंगामी अध्यक्षावरून होणारे तंटे आपल्याला नवे नाहीत, त्यामुळे हा भाग समजावावा लागला नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात भारतावरचे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घेतले. उत्तरं द्यायची नव्हती, फक्त वाचायचे होते. निम्मे टोमणेच होते. काही मात्र दोन्ही बाजूंच्या माणसांना पेचात टाकणारे होते. उदाहरणार्थ: आघाडीत कुणाबरोबर जायचं नाही हे आपले पक्ष निवडणुकीआधी लिहून देतात का, आणि दिलं तर मोडल्यावर मतदार काय करतो?

निष्पत्ती

गट फुटला नाही, हे पहिलं. दोघं यायचे थांबले, दोन्ही बाजूंचा एकेक. खर्च उचलणाऱ्या सद्गृहस्थांनी पुढच्या तिमाहीचे पैसे दिले नाहीत. कारण सांगितलं नाही, विचारलंही नाही. वर्गणी वाढवून काम चाललंय. वाचनालयाने सभागृह दिलेलं आहे.

मतं बदलली का? माझ्या पाहण्यात नाही. वाद घालण्याची तऱ्हा मात्र सरकली. ‘वाळीत टाका’ म्हणणारे काका आता विचारतात, वाळीत टाकण्याची किंमत कोण भरणार? आणि ‘लोकांनी निवडून दिलंय, सत्तेत घ्या’ म्हणणारे विचारतात, एक तृतीयांशाचं पुढे काय करतील?

दोघांच्याही प्रश्नाला युरोपचा इतिहास सरळ उत्तर देत नाही. ऑस्ट्रियात फ्रीडम पार्टी २००० मध्ये सत्तेत गेली आणि अंतर्गत भांडणांत २७ वरून २००२ मध्ये १० टक्क्यांवर आली. लोकांनी म्हटलं, सत्ता हेच औषध. तोच पक्ष २०२४ मध्ये पहिला आला. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये बाकीच्या पक्षांनी अशा पक्षाला कित्येक दशकं दूर ठेवलं. तो संपला नाही, २०१९ पासून पुन्हा वाढला. जर्मनीत सीडीयूचे नेते फ्रिडरिश मेर्त्स यांनी २९ जानेवारी २०२५ ला स्थलांतरावरचा ठराव एएफडीच्या मतांवर ३४८ विरुद्ध ३४४ असा मंजूर करून घेतला, आणि दोन दिवसांनी त्याच विषयावरचं विधेयक पडलं, कारण त्यांच्याच गटातले आणि एफडीपीतले काही सदस्य मतदानात उतरले नाहीत. महिन्याभरात निवडणूक झाली. मेर्त्स चॅन्सेलर झाले, एएफडी दुप्पट झाला. त्यातलं किती त्या ठरावामुळे, हे सांगता येत नाही.

काकांच्या मुलाने येनात घर घेतलं नाही. पण कारण व्याजदर आहे, असं तो म्हणतो.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी उणीव: मतदाराचं टेबल नव्हतं. सहाही टेबलांवर पुढारी बसले होते, त्यामुळे सगळा विषय डावपेचांचा झाला. २०२४ मध्ये थुरिंगियात मतदान ६५ वरून जवळपास ७४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे घरी बसणारेही बाहेर पडले, आणि मतदानोत्तर पाहणीत तरुण मतदारांतही एएफडीच पहिला होता. ती माणसं खोलीत कुठेच नव्हती. पुन्हा करायचं झालं तर एक टेबल मतदारांचं ठेवावं: बंद पडलेल्या कारखान्याच्या गावातली नर्स, बांधकाम कंत्राटदार, पहिल्यांदा मत देणारा मुलगा, आणि येनात नोकरी करणारा परदेशी, ज्याला मतच नाही. प्रत्येक फेरीनंतर त्यांना विचारावं, आता कुणाला?

एएफडीच्या टेबलाला गप्प बसवण्याच्या निर्णयाबद्दल अजूनही दुमत आहे. माझ्या मते तो योग्य होता, पण मग त्या पक्षाचा जाहीरनामा छापून वाटायला हवा होता. मौनामुळे तो पक्ष नुसता आकडा राहिला, आणि आकड्याचा राग येत नाही की मोहही पडत नाही. मुंब्र्याच्या मुलांपैकी एकाने नंतर सांगितलं की भाषण झालं असतं तरी चाललं असतं, आम्ही रोज ऐकतो. शाळेतल्या बाईंना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, रोज ऐकतात म्हणूनच रविवारी नको.

पोस्टरवर विषय टाकण्याऐवजी प्रश्न टाकला असता, ‘३२ आमदारांचा पक्ष सर्वांत मोठा आहे, सरकार कुणाचं?’, तर सुरुवातीची आठवडाभराची धुसफूस टळली असती, असं निमंत्रक बाईंना वाटतं. मला शंका आहे. फोन करणारे प्रश्नालाही फोन करतात.

वाशीतल्या एका गटाने आता हेच साहित्य मागितलं आहे. त्यांना थुरिंगियाऐवजी नेदरलँड्स सुचवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये खेर्त विल्डर्स यांचा कडवा उजवा पक्ष १५० पैकी ३७ जागा घेऊन पहिला आला, तिथल्या मध्यम-उजव्यांनी दार किलकिलं ठेवलं होतं, सरकार २०२४ च्या जुलैत बनलं आणि जून २०२५ मध्ये विल्डर्स यांनीच पाठिंबा काढून ते पाडलं. पक्षांची संख्या पाहता पंधरा टेबलं लागतील. वाशीच्या सभागृहात नऊच आहेत, तेव्हा छोट्या पक्षांना सतरंजीवर बसवायचं ठरतंय.